तू 'जिवंत' म्हणाला नव्हतास : डीएम मंडळींना एक खुलं पत्र

प्रति,
आमच्या गटातले आठ डीएम, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ चालवणारे डंजन मास्टर, आणि पडद्याआड फासे टाकणारे बाकीचे सगळे

विषय : विश स्पेलचा (म्हणजे इच्छा पुरी करणाऱ्या जादूचा) सोयीस्कर अर्थ लावून खेळाडूंना अडकवण्याचे प्रकार थांबवणेबाबत

मंडळी,

विषयाची ओळ सरकारी झाली आहे, पण ती मुद्दाम. गेल्या महिन्यात तुम्ही बैठक घेऊन ठराव केलात, तेव्हा म्हटलं आपणही अर्जच करावा. ठराव असा की विशचा अर्थ कसा लावायचा हा सर्वस्वी डीएमचा हक्क, तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येणार नाही, आणि त्यावर टेबलावर वाद घालायचा नाही. आठपैकी आठ हात वर गेले म्हणे. ज्या प्रसंगावरून बैठक भरली तो माझ्या पात्राचा होता. मला बोलावलं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघड्यावर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स, आमच्या तोंडी डीएनडी, हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचण्याचा खेळ. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. डंजन मास्टर, म्हणजे डीएम, बाकीचं सगळं जग चालवतो : राजे, भुतं, पाऊस, उधारी न देणारे दुकानदार. आपण काय करतो ते खेळाडूने सांगायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो, आणि फासा गप्प बसतो तिथे डीएम बोलतो. या जगातली सगळ्यात मोठी जादू म्हणजे विश. नवव्या पातळीचा स्पेल, विझार्डला, म्हणजे अभ्यास करून जादू शिकणाऱ्या पात्राला, सतराव्या लेव्हलला हाती लागतो. त्याला ना हातवारे लागतात, ना सामग्री. इच्छा तोंडाने बोलायची, बस्स.

माझं पात्र धोंडूआजी. खेळ सुरू झाला तेव्हा वय ७१, स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, जेमतेम ६, गुडघ्यांची तक्रार कायम. पहिल्याच सेशनला धुक्यातून आलेल्या एका बाईने तिचा सात वर्षांचा नातू अंगणातून उचलून नेला. जिने जन्मभर लोणची घातली, ती त्या दिवसापासून जादू शिकायला बसली. इतर विझार्ड सत्तेसाठी शिकतात, ग्रंथांसाठी शिकतात. हिला फक्त पोर परत आणायचं होतं. तिचं स्पेलबुक म्हणून मी तुळशीबागेच्या मागून जमाखर्चाची लाल कापडी वही आणली होती, आणि चार वर्षं प्रत्येक स्पेल त्यात हाताने उतरवला. एक रविवार आड सेशन. सुरुवातीला डिस्कॉर्डवर, म्हणजे ऑनलाइन, मग एरंडवण्यातल्या एका मित्राच्या हॉलमध्ये. नव्वदेक सेशन्स तरी झाली असतील.

साठाव्या सेशनच्या आसपास आजीने स्क्राइंग टाकला, म्हणजे दूरदर्शनाचा स्पेल. डीएमने स्वतः वर्णन केलं : एका मोठ्या स्वयंपाकघरात अकरा वर्षांचा मुलगा कांदे सोलतोय, डोळे पुसतोय, आणि आजीने शिकवलेली चाल शिट्टीवर वाजवतोय. मला आठवतं, आमच्यातली एक डॉक्टर आहे, ती पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळते, तिने त्या वेळी टेबलावर हात मारला होता. पोर जिवंत आहे!

मग सतरावी लेव्हल आली. त्या रविवारी मी दोन आठवडे घोळवलेलं वाक्य बोललो : "माझा नातू मला परत मिळू दे."

डीएमने पेन्सिल खाली ठेवली. हसला. म्हणाला, "तुझ्या हातात काहीतरी जड येतं. बघतेस तर तांब्याचा कलश. तोंडाला पांढरं फडकं बांधलंय."

आणि मग : "तू 'जिवंत' म्हणाला नव्हतास."

चहा तसाच राहिला. डॉक्टरीणबाई उठून गॅलरीत गेल्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे विशच्या ताणाचा फासा मी टाकला. विशमधून दुसरा एखादा स्पेल टाकणं सोडून काहीही मागितलं तर ३३ टक्के शक्यता अशी की विश पुन्हा कधीच टाकता येणार नाही. पडले २१. गेला विश, कायमचा. त्या फाशाबद्दल माझी अक्षरही तक्रार नाही. ती किंमत छापलेली होती, मला माहीत होती, मी ती मोजली. (जाणकार आता म्हणतील, एवढं काय, एखाद्या देवळात जाऊन ट्रू रेझरेक्शन, म्हणजे मेलेल्याला उठवणारा स्पेल, करून घ्यायचा, २५,००० सुवर्णमुद्रांचे हिरे लागतील फक्त. माहीत आहे मला. आमच्या डीएमनेही नंतर हाच तोडगा सुचवला, 'पुढची क्वेस्ट' म्हणून. तो मुद्दा नव्हे.)

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार सगळ्यात साधी आहे. पोर जिवंत होतं. हे डीएमनेच टेबलावर सांगितलं होतं आणि त्यानंतर त्याला काही झाल्याचं कुणाच्या कानावर आलं नव्हतं. म्हणजे माझ्या वाक्यात फट सापडली म्हणून त्या क्षणी पोराला मारण्यात आलं, फटीत बसवायला. शब्दाचा उलटा अर्थ लावणं ही एक गोष्ट झाली. त्या अर्थासाठी आधी घडलेली गोष्ट पुसून नवी लिहायची, याला आमच्याकडे दप्तरात खाडाखोड म्हणतात. बैठकीत यावर कुणी काही विचारलं का, ते कळलं तर बरं होईल.

दुसरी तक्रार जरा सविस्तर मांडतो, कारण मला वाटतं सगळी गडबड इथेच आहे. इच्छा वाकडी केली कुणी?

माझा वाकड्या इच्छांना विरोध आहे असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी एका वन-शॉटमध्ये, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात, आम्हाला इफ्रीटची, म्हणजे एका जिनची, बाटली मिळाली होती. नियमाप्रमाणे बाटली उघडल्यावर शंभराचा फासा टाकतात. शंभरात दहाच वेळा असं होतं की आतला इफ्रीट तीन इच्छा देतो, नाहीतर तासभर चाकरी करतो किंवा सरळ अंगावर येतो. आमचा फासा ९६ पडला. तिथला राजा माथेफिरू होता, तेव्हा आमचा चोर हात जोडून म्हणाला, "राजाचं डोकं ठिकाणावर येऊ दे." क्षणात राजाचं डोकं सिंहासनावर. एकटंच. बाकीचा राजा अजून बागेत फिरत होता. आम्ही दहा मिनिटं हसत होतो, मी तर खुर्चीवरून घसरलो. आजही कुणी काही मागायला लागला की कुणीतरी विचारतं, "ठिकाण कोणतं ते सांग आधी."

तो वाकडेपणा का चालला? कारण समोर इफ्रीट होता. बाटलीत कोंडलेला, माणसांवर खार खाऊन असलेला, गुलामीचा सूड शब्दांतून उगवणारा. त्याच्याकडून सरळपणाची अपेक्षा कुणी केली नव्हती. सैतानाशी करार करताना खालची बारीक अक्षरं वाचायची असतात, हॅगकडून, म्हणजे चेटकिणीकडून, काही घेताना मोबदल्यात काय जाणार ते विचारायचं असतं. ही सगळी पात्रं आहेत, त्यांना स्वभाव आहेत, डाव आहेत. त्यांनी फसवलं तर गोष्ट पुढे जाते, आपल्याला एक शत्रू मिळतो.

धोंडूआजीचा विश कुणी दिला नव्हता. तिने तो चार वर्षं घासून शिकला होता, तिच्याच लाल वहीतून, तिच्याच तोंडून. त्या जादूत दुसरा कुणी बसलेलाच नाही. मग तिचा शब्द उलटा कुणी केला? आजीचा गैरसमज झाला का आजीबद्दल? त्या खोलीत तिचं वाईट चिंतणारा एकच माणूस होता, आणि तो पडद्यामागे समोसा खात होता. हे लागलं मला. गोष्टीतल्या कुणाशीही लढता येतं, डीएमशी कसं लढणार?

एक गंमत सांगतो. खेळाच्या ३.५ आवृत्तीत ग्लाब्रेझू नावाचा राक्षस आहे. खेकड्यासारख्या नांग्या, माणसांना नादी लावणं हा धंदा. तो महिन्यातून एकदा मर्त्य माणसाची इच्छा पुरी करू शकतो. पण जगात दुःख वाढवायला ती इच्छा वापरली जाणार नसेल, तर मोबदल्यात तो घोर पाप नाहीतर मोठा त्याग मागतो. मागतो! किंमत आधी सांगतो, मग माल देतो. पाताळातला राक्षस जे करतो ते एरंडवण्यातल्या डीएमला का जमू नये?

यावरून तिसऱ्या तक्रारीकडे येतो. बैठकीत म्हणे कुणीतरी म्हणालं की विश वाकवणं ही परंपरा आहे, खेळाइतकीच जुनी. खरं आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ आणला, त्या पहिल्या पुस्तिकांतच तीन इच्छांची अंगठी आहे, आणि तिथेच रेफरीला, म्हणजे डीएमला, सल्ला आहे की इच्छेत आणखी इच्छा मागणाऱ्या हावरट पात्राला काळाच्या न संपणाऱ्या फेऱ्यात टाकावं, अंगठी मिळाल्या क्षणापाशी परत परत आणून सोडावं. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत विश स्पेल म्हणून आला. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात लिहिलं आहे की कुणी दुसऱ्याच्या मरणाची इच्छा केली तर इच्छा करणाऱ्यालाच पुढच्या काळात ढकलावं, जिथे तो दुसरा आधीच मेलेला असेल. हे उदाहरण इतकं टिकलं की २०१४ च्या पुस्तकातही खलनायकाच्या नावाने तसंच बसलं आहे.

पण त्याच पुस्तकांतून दुसरी एक रेघ चालत आलेली आहे, ती तुम्ही बघत नाही. १९७८ मध्ये काही इच्छांनंतर दोन ते आठ दिवस अंथरुणात काढावे लागत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत विश टाकणाऱ्याचं वय पाच वर्षांनी वाढायचं. माझ्या आजीसारखीला ती खरी किंमत, विचार करायला लावणारी. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत ५,००० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, गमवावे लागत. २०१४ मध्ये तर चक्क यादी आली : आठव्या पातळीपर्यंतचा दुसरा कुठलाही स्पेल फुकट टाका, सामग्रीसुद्धा नको. नाहीतर २५,००० सुवर्णमुद्रांपर्यंतची साधी वस्तू मागा, वीस जणांना एकदम बरं करा, नुकताच पडलेला एखादा फासा पुन्हा टाकायला लावा. दुसरा स्पेल टाकणं सोडून काहीही केलंत तर अंगावर ताण येणार : झोप होईपर्यंत प्रत्येक स्पेलमागे इजा, स्ट्रेंग्थ थेट ३ वर, तीही काही दिवस, आणि तो ३३ टक्क्यांचा फासा. म्हणजे चाळीस वर्षं खेळ लिहिणारे किंमत डीएमच्या लहरीतून काढून कागदावर आणत राहिले. दुकानात पाटी लागली. आणि तुम्ही अजून गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगताय, तोही पैसे घेतल्यावर.

मान्य आहे, यादीबाहेर काही मागितलं की डीएमला मोकळीक आहे असं तिथेच लिहिलं आहे. जितकी इच्छा मोठी तितकी काहीतरी बिघडण्याची शक्यता जास्त, हेही आहे. मी यादीबाहेर गेलो होतो. पण मोकळीक आणि कर्तव्य यांत फरक करा. शिक्षकाला नापास करायचा अधिकार असतो, म्हणून तो पेपर तपासायच्या आधीच लाल पेन्सिल मारत नाही. आणि त्याच परिच्छेदात दुसरं उदाहरण आहे : दंतकथेतली जादूची वस्तू मागितलीत तर वस्तू तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही तिच्या सध्याच्या मालकासमोर जाऊन उभे राहाल. वा! हे मला आवडतं. तुम्ही मागितलंत, ते मिळायची संधी मिळाली, पण फुकट नाही. आजीला त्या स्वयंपाकघरात नेऊन सोडलं असतं, एका हातात विळी घेतलेल्या नातवासमोर आणि दारात उभ्या त्या धुक्यातल्या बाईसमोर, स्ट्रेंग्थ ३, प्रत्येक स्पेलला स्वतःचं रक्त जातंय, बाकीची पार्टी, म्हणजे सोबतची पात्रं, दूर. मी आनंदाने मेलो असतो तिथे. दोन आठवडे मी त्याच दृश्याची वाट पाहत होतो.

चौथी तक्रार तुमच्या ठरावामुळे पुढे काय होणार आहे त्याबद्दल. होणार काय, झालंच आहे. शेजारच्या टेबलावरचा एक खेळाडू गेल्या रविवारी दोन पानी टाइप केलेली इच्छा घेऊन आला. वकील काकांकडून तपासून. 'सदर इच्छेतील "मी" या शब्दाचा अर्थ केवळ' इथून सुरुवात. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तशी त्याने वाड्याची चतुःसीमा लिहिली होती, पूर्वेस नदी, पश्चिमेस ड्रॅगनची गुहा. डीएमने अर्धा तास ते वाचलं, फट शोधली, सापडली, दोघेही खूश. बाकी तिघे मोबाइलवर. हा खेळ खेळायला आलो होतो का आपण? त्यापेक्षा सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला गेलेलं काय वाईट, तिथे निदान शिक्का तरी मिळतो.

आणि आपल्यासाठी यात एक खास गोची आहे. नियम इंग्रजीत, गोष्ट मराठीत. 'मिळणे' हे क्रियापद घ्या. हरवलेलं पोर मिळतं, नोकरी मिळते, प्रसाद मिळतो, कचेरीतून मृत्यूचा दाखलाही मिळतो. 'परत मिळू दे' असं कुठलीही आजी कुठल्याही देवापुढे म्हणेल तेव्हा तिला काय म्हणायचंय ते गाभाऱ्यातल्या झुरळालाही कळेल. मराठीत आपण अर्ध्याहून अधिक न बोलता बोलतो. समोरच्याने ते मुद्दाम ऐकायचं नाही असं ठरवलं तर कुणाचंच बोलणं टिकणार नाही.

माझं आजोळ कणकवलीकडचं. तिथे देवळात गाऱ्हाणं घालतात ते तुमच्यापैकी दोघांनी तरी ऐकलं असेल. मागणारा एकेक गोष्ट नावानिशी सांगत जातो, कुणाला नोकरी, कुणाच्या म्हशीला दूध, मुंबईत गेलेल्यांची सुखरूपता, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आणि त्यात कुठेतरी येतंच, काय चुकला-माकला असात तर माफ कर. म्हणजे आमच्या गाववाल्यांना पक्कं ठाऊक आहे की मागताना माणूस शब्द चुकतो. ते देवाला आधीच सांगून ठेवतात की शब्दावर जाऊ नकोस. शेवटी सगळी पार्टी एकसुरात होकार भरते. चारशे वस्तीच्या गावाला जे सुचलं, ते आठ डीएमच्या बैठकीत सुचू नये?

आमच्या डीएमने माझ्यावर कुंभकर्ण फेकला. सरस्वती जिभेवर बसली, इंद्रासनाऐवजी निद्रासन निघालं, मग ब्रह्मदेव फसवा का? चांगला मुद्दा आहे, म्हणून उत्तर देतो. एक, कुंभकर्ण इंद्राची गादी मागत होता, देव घाबरले होते, त्यांच्याकडे कारण होतं. माझी आजी एक पोर मागत होती. दोन, तिथेही रावणाने विनवणी केल्यावर उःशाप मिळाला, सहा महिन्यांतून एक दिवस जाग. आपल्या गोष्टींत शापालाही उःशाप असतो, तुमच्या ठरावात तर 'वाद घालायचा नाही'. आणि तीन, कुंभकर्ण हा अपवाद आहे. बाकी वर मोजा. हिरण्यकशिपूने केवढी यादी दिली, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. त्यातला एक शब्द मोडला का कुणी? नरसिंहाने ती सगळी यादी पाळून, संध्याकाळी, उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन मारलं. भस्मासुराला मागितला तोच वर मिळाला, मग शंकराला स्वतःला पळावं लागलं तरी त्याने वर परत घेतला नाही. सावित्रीने शंभर मुलं मागितली, यमाने तथास्तु म्हटलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की नवऱ्याशिवाय हे कसं व्हायचं. यमाने काय केलं? 'तू सत्यवानापासून असं म्हणाली नव्हतीस' असं म्हणाला? नवरा सोडला. मृत्यूचा देव तो, शब्दाला बांधला गेला आणि खूशही झाला.

आणि ती आंधळ्या म्हातारीची गोष्ट, जी लहानपणी सगळ्यांनीच ऐकली. गणपती म्हणाला एकच वर माग. ती म्हणाली, मला माझ्या नातवाला सोन्याच्या ताटात जेवताना पाहायचंय. एका वाक्यात डोळे, संपत्ती, मुलगा-सून, नातू, आयुष्य. गणपती हसला आणि दिलं. तुमच्यापैकी एकाच्या टेबलावर ही म्हातारी आली असती तर काय झालं असतं, ते मला सांगायला नको. शेजारच्या गल्लीतल्या सोनाराच्या घराची खिडकी उघडली असती.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. मी स्वतः तीन वर्षं डीएम होतो. एका सेशनच्या तयारीला चार-पाच तास जातात, आणि मग कुणीतरी नेटवर वाचून येतो की आधी सिम्युलॅक्रम, म्हणजे स्वतःची बर्फाची नक्कल करणारा स्पेल, टाकायचा, त्या नकलेकडे स्वतःचा विश असतोच, तिने तो वापरून पुढची नक्कल फुकट करायची, तिने तिच्या पुढची, आणि ताण सगळा नकलांच्या अंगावर. संध्याकाळपर्यंत शंभर विझार्डांची माळ. असल्या खेळाडूला नाही म्हणायलाच हवं. पण मग 'नाही' म्हणा ना! तोंडाने, सरळ. त्या एकाच्या भीतीने बाकी सगळ्यांच्या वाटेत खड्डा खणून वर पालापाचोळा टाकायचा, हा कुठला न्याय?

इथे एक कबुली द्यायची आहे. मी डीएम असताना भाची आमच्यात खेळायची, बारा वर्षांची. तिला लक ब्लेड नावाच्या जादूच्या तलवारीतली एक इच्छा मिळाली. सगळे म्हणत होते तलवार माग, किल्ला माग. ती म्हणाली, "माझ्या कुत्र्याला पंख फुटू देत." मी म्हटलं, फुटले. कुत्रा वर गेला, अजून वर गेला, आणि उडून गेला, परत आला नाही. मला वाटलं काय भारी जमलंय. सगळे हसले. तिने फासे एकेक करून पिशवीत भरले, पिशवीची दोरी ओढली, आणि म्हणाली, "मामा, मला उद्या शाळा आहे." रविवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा होती हे खरंच. पण ती पुन्हा खेळायला आली नाही. आता ती अकरावीत आहे. मी अजून तिला सॉरी म्हटलेलं नाही. कलश हातात आल्यावर मला पहिली आठवण तिची झाली.

तेव्हा मागण्या अशा :

ठराव मागे घ्या. निदान त्यातला 'वाद घालायचा नाही' हा भाग तरी आजच काढा.

सेशन झीरोला, म्हणजे पहिल्या बैठकीतच, सांगा की तुमच्या टेबलावर विश कसा चालतो. वाकवणार असाल तर तसं सांगा. मी ते ऐकून विझार्डऐवजी फायटर घेईन, माझी ना नाही.

इच्छा बोलून झाली की फासा हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारा : तुला यातून नक्की काय हवंय? उत्तर ऐका. मागणं फार मोठं असेल तर किती होईल, काय मोजावं लागेल ते सांगा, आणि खेळाडूला मागे फिरायची मुभा द्या.

फसवायचंच असेल तर फसवणारा गोष्टीत असू द्या. इफ्रीट, हॅग, सैतान, जो असेल तो. स्वतःच्या अभ्यासाने मिळवलेल्या स्पेलला थकवा येऊ द्या, इजा होऊ द्या, तो कायमचा जाऊ द्या, पण त्याला दुष्टपणा चिकटवू नका.

टेबलावर जे एकदा सांगितलं ते उलटवू नका. ही मागणी विशपुरती नाही.

आमच्या डीएमबद्दल शेवटचं. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे आणि अजूनही आहे. नव्वद सेशन्समध्ये त्याने जे उभं केलं ते मला आयुष्यात जमणार नाही, आणि त्या शिट्टीची चाल त्यानेच सुचवली होती. परवा त्याचा फोन आला, म्हणाला येत्या रविवारी तरी ये, सगळे वाट बघतायत. येईन. लाल वही आणतो, पेन्सिल आणतो. कॅरेक्टर शीटवर सामानाच्या यादीत मी त्याच दिवशी 'अस्थिकलश, १' असं लिहून ठेवलं आहे. शेजारी वजनाचा रकाना असतो. त्यात काय भरायचं ते तुम्ही आठ जणांनी ठरवून कळवावं, ही विनंती.

आपला,
धोंडूआजीचा खेळाडू
पुणे